इलेक्ट्रॉनिक बुद्धिबळ पट

इलेक्ट्रॉनिक बुद्धिबळ पट (इतर नावे: डिजिटल पट, ई-बोर्ड) हा बुद्धिबळाचा असा पट आहे, ज्यावर मोहरी नेहमीप्रमाणे हाताने हलवली जातात आणि प्रत्येक खेळीची माहिती पटातील संवेदकांमार्फत संगणकाकडे किंवा भ्रमणध्वनीकडे आपोआप पोहोचते. स्पर्धांमधील डावांचे थेट प्रक्षेपण करणे, तसेच दूरच्या प्रतिस्पर्ध्याशी किंवा संगणकाशी खऱ्या पटावर खेळणे, हे त्याचे दोन प्रमुख उपयोग आहेत.

पटाला बुद्धिबळाचे नियम ठाऊक नसतात. कोणत्या घरात काय आहे, एवढेच तो कळवतो. त्या माहितीवरून खेळी ओळखणे, ती नियमात बसते की नाही हे तपासणे आणि संपूर्ण डाव लिहून काढणे ही कामे सॉफ्टवेअर करते. त्यामुळे डाव सुरू होण्यापूर्वी केलेली पटाची जोडणी जितकी अचूक असेल, तितकीच डावाची नोंद विश्वासार्ह ठरते.

## इतिहास

पटावरील हालचाल पटाखालून ओळखण्याची कल्पना इलेक्ट्रॉनिकीपेक्षा बरीच जुनी आहे. वोल्फगांग फोन केंपेलेन याने १७७० मध्ये ऑस्ट्रियाच्या राजदरबारात ‘तुर्क’ नावाचे बुद्धिबळ खेळणारे यंत्र सादर केले. प्रत्यक्षात त्या यंत्राच्या पेटीत एक बुद्धिबळपटू लपलेला असे. मोहऱ्यांच्या तळाशी लोहचुंबक बसवलेले होते आणि प्रत्येक घराखाली धातूचा लहान तुकडा टांगलेला होता. वरचे मोहरे उचलले किंवा ठेवले की खालचा तुकडा हले आणि आत बसलेल्या माणसाला खेळी समजे.

स्पॅनिश अभियंता लेओनार्दो तोरेस केवेदो याचे ‘एल आहेद्रेसिस्ता’ हे यंत्र १९१४ मध्ये पॅरिस येथे दाखवण्यात आले. राजा आणि हत्ती विरुद्ध एकटा राजा ही डावाच्या शेवटची स्थिती ते माणसाच्या मदतीशिवाय खेळत असे. त्याची १९२० मधील सुधारित आवृत्ती पटाखालील विद्युतचुंबकांच्या साहाय्याने मोहरी हलवीत असे.

सूक्ष्मप्रक्रियक उपलब्ध झाल्यानंतर घरगुती बुद्धिबळ संगणक बाजारात आले. अमेरिकेतील फिडेलिटी इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीचा ‘चेस चॅलेंजर’ १९७७ मध्ये विक्रीस आला. त्यात खेळाडूला आपली खेळी कळ दाबून द्यावी लागे. पुढे मोहरे घरावर किंचित दाबले की खेळी नोंदली जाईल असे पट तयार झाले. मिल्टन ब्रॅडली कंपनीच्या ‘ग्रँडमास्टर’ या १९८३ मधील पटात संगणकाची मोहरी पटाखालील यंत्रणेने आपोआप सरकत असत.

स्पर्धांमध्ये आज मोठ्या प्रमाणावर वापरले जाणारे पट नेदरलँड्समधील डीजीटी या कंपनीचे आहेत. ‘डिजिटल गेम टेक्नॉलॉजी’ या नावाचे हे लघुरूप असून कंपनीची स्थापना १९९२ मध्ये झाली. बुद्धिबळाची अंकीय घड्याळे हेही तिचे प्रमुख उत्पादन आहे. डाव साठवण्यासाठी लागणारी सामाईक लेखनपद्धतीही याच काळात ठरली. स्टीव्हन एडवर्ड्स यांनी १९९३ मध्ये ‘पीजीएन’ ही पद्धत मांडली. त्यात खेळाडूंची नावे, स्पर्धा, दिनांक, निकाल आणि सर्व खेळ्या साध्या मजकुराच्या स्वरूपात लिहिल्या जातात. त्यामुळे एका पटावर नोंदलेला डाव कोणत्याही बुद्धिबळ सॉफ्टवेअरमध्ये उघडता येतो.

## रचना आणि कार्य

### उपस्थिती ओळखणारे पट

या प्रकारात प्रत्येक मोहऱ्याच्या तळाशी लोहचुंबक असतो आणि प्रत्येक घराखाली रीड स्विच किंवा हॉल संवेदक असतो. घर रिकामे आहे की भरलेले, एवढेच पटाला कळते. त्या घरात घोडा आहे की उंट, हे त्याला कळत नाही. डावाची सुरुवातीची मांडणी सर्वांना माहीत असल्यामुळे सॉफ्टवेअर तेथून प्रत्येक मोहऱ्याचा माग ठेवते. हे पट तुलनेने स्वस्त असतात. मात्र मध्येच एखादी हालचाल नोंदायची राहिली, तर पुढची सर्व नोंद चुकू शकते. दोन घोड्यांची अदलाबदल झाली तरी अशा पटाला फरक जाणवत नाही.

### मोहरे ओळखणारे पट

या प्रकारात पटाच्या पृष्ठभागाखाली तारांची वेटोळी असतात आणि प्रत्येक मोहऱ्यात एक लहान अनुनादी मंडल बसवलेले असते. या मंडलाला विद्युतघटाची गरज नसते. पटातून ठरावीक वारंवारतेचा संकेत सोडला की त्या वारंवारतेशी जुळणारे मोहरे प्रतिसाद देते. राजा, वजीर, हत्ती, उंट, घोडा आणि प्यादे असे सहा प्रकार आणि दोन रंग मिळून बारा वेगवेगळ्या वारंवारता लागतात. पटाचे सतत क्रमवार निरीक्षण होत असल्याने कोणत्या घरात कोणते मोहरे आहे हे थेट कळते. त्यामुळे नोंद मध्येच तुटली, तरी पटावरील स्थिती पुन्हा वाचता येते.

### स्वतः मोहरी हलवणारे पट

या पटांच्या पोटात दोन दिशांनी सरकणारा लोहचुंबक असतो. तो योग्य घराखाली जाऊन वरचे मोहरे ओढत नेतो. घोड्याला इतर मोहऱ्यांवरून उडी मारता येते, पण पटाखालील चुंबकाला तसे करता येत नाही. म्हणून घोडा दोन घरांच्या मधल्या रेषेवरून वाट काढत नेला जातो. मारलेले मोहरे पटाच्या कडेला ठरावीक जागी सरकवले जाते.

## खेळी ओळखण्याची पद्धत

पटाकडून आलेली नवी स्थिती आणि आधीची स्थिती यांची तुलना करून सॉफ्टवेअर खेळी ठरवते. साध्या खेळीत एक घर रिकामे होते आणि दुसरे भरते. पुढील प्रसंगी हे काम अधिक गुंतागुंतीचे होते.

* मोहरे मारणे: मारलेले मोहरे आधी उचलले जाते की मारणारे आधी, हे खेळाडूच्या सवयीवर अवलंबून असते. दोन्ही क्रम सॉफ्टवेअरला समजावे लागतात.
* किल्लेकोट: राजा दोन घरे सरकतो आणि नंतर हत्ती त्याच्या पलीकडे येतो. राजा हलल्यानंतर आणि हत्ती हलण्यापूर्वी पटावरची स्थिती अपुरी असते. तेवढा वेळ सॉफ्टवेअर थांबून राहते.
* आँ पासाँ: दोन घरे पुढे आलेले प्यादे शेजारचे प्यादे वाटेतच मारते. या खेळीत दोन घरे रिकामी होतात आणि तिसरे भरते.
* प्याद्याची बढती: शेवटच्या पट्टीत पोहोचलेल्या प्याद्याऐवजी वजीर ठेवला जातो. त्यासाठी संवेदनक्षम असा जादा वजीर टेबलावर हवा. काही खेळाडू वजीर म्हणून उलटा हत्ती ठेवतात. फिडेच्या नियमांनुसार उलटा हत्ती हा हत्तीच मानला जातो.
* घसरती खेळी: वजीर किंवा हत्ती न उचलता घासत नेला, तर वाटेतील घरेही क्षणभर भरलेली दिसतात. मोहरे कोठे स्थिरावले यावरून खेळी ठरवावी लागते. अतिजलद डावांत ही अडचण अधिक जाणवते.

अंकीय घड्याळ पटाला जोडलेले असल्यास प्रत्येक खेळीनंतरचा उरलेला वेळही नोंदीत येतो.

## पटाची जोडणी

### स्पर्धेसाठी

स्पर्धेतील पटांची जोडणी पहिली फेरी सुरू होण्याच्या बऱ्याच आधी केली जाते. तिचे टप्पे साधारणपणे पुढीलप्रमाणे असतात.

१. पटाची दिशा: प्रत्येक खेळाडूच्या उजव्या हाताच्या कोपऱ्यातील घर पांढरे असावे, हा नियम सर्वांना माहीत असतो. मात्र पट अर्ध्या वर्तुळात फिरवला तरीही हा नियम पाळला जातो, त्यामुळे केवळ त्यावरून दिशेतील चूक लक्षात येत नाही. इलेक्ट्रॉनिक पटाची ‘ए१’ ही बाजू पांढऱ्या मोहऱ्यांच्या खेळाडूकडेच हवी. पट उलटा ठेवल्यास ‘ई१’ मधील पांढरा राजा सॉफ्टवेअरला ‘डी८’ मध्ये दिसतो आणि सुरुवातीची मांडणी जुळत नाही. अनेक सॉफ्टवेअरमध्ये दिशा बदलण्याची सोय असते.

२. टेबल: वेटोळ्यांवर चालणारा पट धातूच्या टेबलावर ठेवणे टाळतात, कारण धातूमुळे विद्युतचुंबकीय संकेतात व्यत्यय येतो.

३. संगणकाशी जोडणी: पट यूएसबी तारेने किंवा बिनतारी पद्धतीने जोडले जातात. प्रत्येक पटाला अनुक्रमांक असतो. तो अनुक्रमांक कोणत्या टेबलाचा, हे सॉफ्टवेअरमध्ये नोंदवावे लागते. ही नोंद चुकल्यास एका टेबलावरील डाव दुसऱ्या टेबलावरील खेळाडूंच्या नावे प्रसिद्ध होतो.

४. मोहऱ्यांची तपासणी: बत्तीस मोहरी आणि जादा वजीर पडद्यावर योग्य दिसतात की नाही, हे एकेक उचलून पाहिले जाते. एका संचातील मोहरे दुसऱ्या उत्पादकाच्या संचात मिसळल्यास ते ओळखले जाण्याची खात्री नसते.

५. स्पर्धेची माहिती: डीजीटी पटांसाठी ‘लाइव्हचेस’ हे सॉफ्टवेअर वापरले जाते. त्यात स्पर्धेचे नाव, फेरी, वेळेचे बंधन आणि खेळाडूंच्या जोड्या भरल्या जातात. जोड्या सहसा ‘स्विस-मॅनेजर’सारख्या सॉफ्टवेअरने आधी ठरवलेल्या असतात.

६. घड्याळ: वेळेचे बंधन घड्याळात स्वतंत्रपणे भरावे लागते. घड्याळाची डावी-उजवी बाजू आणि पांढऱ्या-काळ्या मोहऱ्यांची बाजू यांचा मेळ तपासला जातो.

७. चाचणी: प्रत्येक पटावर काही खेळ्या करून त्या संकेतस्थळावर दिसतात की नाही, हे पाहिले जाते. त्यानंतर मोहरी पुन्हा मूळ जागी मांडली जातात.

### घरगुती वापरासाठी

घरी पट सहसा ब्लूटूथने भ्रमणध्वनीला जोडला जातो. लिचेस या मुक्त संकेतस्थळाने २०२० मध्ये अशा पटांसाठी स्वतंत्र जोडणी-सुविधा उपलब्ध करून दिली. त्यामुळे वेगवेगळ्या उत्पादकांच्या पटांवरून तेथील प्रतिस्पर्ध्यांशी खेळता येऊ लागले. प्रतिस्पर्ध्याची खेळी पटावरील दिव्यांनी दाखवली जाते आणि खेळाडू त्याचे मोहरे स्वतः हलवतो. यात वेळ जात असल्याने अशा पटांवर सावकाश चालणारे डाव अधिक सोयीचे ठरतात.

संगणकाविरुद्ध खेळताना ‘स्टॉकफिश’सारखे बुद्धिबळ इंजिन वापरले जाते. इंजिन आणि इतर सॉफ्टवेअर यांच्यातील संवादासाठी २००० मध्ये ‘यूसीआय’ ही सामाईक पद्धत तयार झाली. रास्पबेरी पाय हा लहान संगणक आणि ‘पिकोचेस’ हे मुक्त सॉफ्टवेअर वापरून पडद्याशिवाय चालणारा बुद्धिबळ संगणक घरीही उभारता येतो.

## निकालाची नोंद

बुद्धिबळाचे बहुतेक डाव मात होऊन संपत नाहीत. एक खेळाडू हार मान्य करतो किंवा दोघे बरोबरी स्वीकारतात. पटाला हे कळण्याचा मार्ग नसतो. शिवाय डाव संपल्यावर खेळाडू त्याच पटावर चर्चा करू लागले, तर त्या खेळ्याही डावाच्या नोंदीत शिरू शकतात.

यासाठी मध्यभागीच्या चार घरांवर राजे ठेवण्याचा संकेत रूढ आहे. पांढरे मोहरे घेतलेला खेळाडू जिंकल्यास दोन्ही राजे ‘ई४’ आणि ‘डी५’ या पांढऱ्या घरांत ठेवतात. काळे मोहरे घेतलेला जिंकल्यास ते ‘डी४’ आणि ‘ई५’ या काळ्या घरांत ठेवले जातात. बरोबरी झाल्यास एक राजा पांढऱ्या आणि दुसरा काळ्या घरात असतो. ही मांडणी दिसताच सॉफ्टवेअर निकाल नोंदवून डाव बंद करते. अनेक स्पर्धांत हे काम पंच स्वतः करतात.

## नियम आणि पंचांची भूमिका

फिडेच्या नियमांनुसार दोन्ही खेळाडूंनी आपल्या डावातील खेळ्या स्वतः लिहिणे बंधनकारक आहे. इलेक्ट्रॉनिक पट असला तरी ही जबाबदारी संपत नाही. वेळ पाच मिनिटांहून कमी उरला असेल आणि प्रत्येक खेळीला किमान तीस सेकंदांची भर मिळत नसेल, तर त्या खेळाडूला लिहिण्यातून सूट मिळते. नेमक्या या घाईच्या टप्प्यात पटाची नोंद पंचांना उपयोगी पडते.

तीच स्थिती तीन वेळा आल्यास, किंवा सलग पन्नास खेळ्यांत प्यादे न हलल्यास व मोहरे न मारले गेल्यास, खेळाडू बरोबरीचा दावा करू शकतो. स्थिती पाच वेळा आल्यास किंवा अशा पंच्याहत्तर खेळ्या झाल्यास दाव्याशिवायही डाव बरोबरीत सुटतो. मात्र शेवटच्या खेळीने मात झाली असेल, तर पंच्याहत्तर खेळ्यांच्या नियमापेक्षा मात ग्राह्य धरली जाते. ही मोजणी पटाच्या नोंदीवरून लवकर करता येते. अंतिम निर्णय पंचांचाच असतो.

## थेट प्रक्षेपण आणि गैरप्रकार

खेळी होताच ती जगभर दिसू लागल्याने एक नवा धोका निर्माण झाला. सभागृहाबाहेरील व्यक्ती इंजिनाच्या मदतीने उत्तर शोधून ते खेळाडूपर्यंत पोहोचवण्याचा प्रयत्न करू शकते. त्यामुळे खेळाडूंना सभागृहात भ्रमणध्वनी नेण्यास बंदी असते आणि अनेक स्पर्धांत प्रक्षेपण मुद्दाम काही मिनिटे उशिरा केले जाते. हा विलंब सॉफ्टवेअरमध्ये आधीच ठरवावा लागतो.

## महाराष्ट्रात

महाराष्ट्रात अनेक आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ स्पर्धा झाल्या आहेत. २०१४ मध्ये जागतिक कनिष्ठ गट स्पर्धा पुण्यात, तर २०१९ मध्ये १४, १६ आणि १८ वर्षांखालील गटांची जागतिक युवा स्पर्धा मुंबईत झाली. एप्रिल २०२५ मध्ये फिडे महिला ग्रां प्री मालिकेतील एक स्पर्धा पुण्यात भरली. दहा खेळाडूंच्या या साखळी स्पर्धेत नऊ फेऱ्या होत्या, म्हणजे प्रत्येक फेरीत पाच आणि एकूण पंचेचाळीस डाव झाले. कोनेरू हंपी आणि चीनची झू जिनेर यांचे समान गुण झाले व सरस टायब्रेकच्या आधारे हंपीने विजेतेपद मिळवले. नागपूरची दिव्या देशमुख तिसरी आली. त्याच वर्षी जुलैमध्ये जॉर्जियातील बातुमी येथे महिला विश्वचषक जिंकून ती ग्रँडमास्टर झाली.

अशा स्पर्धांचे डाव ऑनलाइन दिसत असल्याने वडगाव मावळसारख्या तालुक्याच्या गावातील विद्यार्थ्यालाही पुण्यातील किंवा बातुमीतील खेळी जवळजवळ त्याच वेळी पाहता येते. डावाची पीजीएन नोंद उतरवून घेऊन नंतर तिचा अभ्यासही करता येतो.

स्वतः मोहरी हलवणारा ‘स्क्वेअर ऑफ’ हा पट मुंबईतील इनफिव्हेन्शन टेक्नॉलॉजीज या कंपनीने विकसित केला. भव्य गोहिल आणि आतुर मेहता हे तिचे संस्थापक होत. २०१६ मध्ये किकस्टार्टर या संकेतस्थळावरील लोकनिधीतून या पटासाठी पैसे उभारण्यात आले. २०२२ मध्ये मुंबईतीलच मिको या यंत्रमानव बनवणाऱ्या कंपनीने स्क्वेअर ऑफमध्ये बहुसंख्य हिस्सा घेतला.

## दृष्टिहीन खेळाडू

दृष्टिहीन खेळाडूंच्या पटावर काळी घरे पांढऱ्या घरांपेक्षा उंच असतात. मोहऱ्यांच्या तळाशी खुंटी असते आणि ती घरातील छिद्रात बसते. दोन्ही खेळाडू स्वतंत्र पट वापरू शकतात व खेळी मोठ्याने सांगितली जाते. मुंबईचे चारुदत्त जाधव हे अखिल भारतीय अंध बुद्धिबळ महासंघाचे संस्थापक आहेत. त्यांनी दृष्टिहीनांना संगणकावर बुद्धिबळ खेळता यावे यासाठी ‘टॉक६४’ हे बोलणारे सॉफ्टवेअर तयार केले.

## इतर पटखेळांसाठीचे डिजिटल पट

इतर पटखेळांत ‘व्हर्च्युअल टेबलटॉप’ म्हणजे आभासी पटाचे सॉफ्टवेअर वापरले जाते. फँटसी ग्राउंड्स (२००४), रोल२० (२०१२) आणि फाउंड्री व्हीटीटी (२०२०) ही त्याची उदाहरणे आहेत. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’सारख्या भूमिकाप्रधान खेळांचे नकाशे, पात्रे आणि फासे त्यात पडद्यावर असतात. फिलिप्स कंपनीने २००६ मध्ये ‘एंटरटेबल’ हा स्पर्श ओळखणारा पट प्रदर्शनात मांडला होता. आता अनेक गट साधा दूरचित्रवाणी संच टेबलावर आडवा ठेवून त्यावर नकाशा दाखवतात आणि वर खऱ्या बाहुल्या मांडतात.

येथे जोडणीतील मुख्य काम मापाचे असते. बाहुल्यांसाठी नकाशावरील चौकोन एक इंचाचा हवा. ४३ इंची संचाच्या पडद्याची रुंदी सुमारे ३७.५ इंच असते. त्यावर १,९२० बिंदू आडवे असल्यास एका इंचात सुमारे ५१ बिंदू येतात आणि ३,८४० असल्यास सुमारे १०२. नकाशाचा प्रत्येक चौकोन तेवढ्या बिंदूंचा ठेवला की तो बरोबर एक इंचाचा दिसतो. खेळ चालवणाऱ्याचा पडदा वेगळा ठेवला जातो. खेळाडूंना न दिसलेले भाग टेबलावरील पडद्यावर झाकलेले असतात.

## मर्यादा

इलेक्ट्रॉनिक पट साध्या पटापेक्षा बरेच महाग असतात. त्यांच्यासाठी संगणक, अखंड वीज आणि प्रशिक्षित माणूसही लागतो. घरगुती पट अनेकदा उत्पादकाच्या ॲपवर अवलंबून असतात. ते ॲप बंद पडल्यास पट सुस्थितीत असूनही त्याचा उपयोग मर्यादित होतो. खुल्या जोडणी-पद्धती वापरणाऱ्या पटांना हा धोका कमी असतो.

शेकडो खेळाडूंच्या खुल्या स्पर्धांत सहसा पहिल्या काही टेबलांवरच असे पट ठेवले जातात. स्विस पद्धतीत समान गुणांच्या खेळाडूंच्या जोड्या लावल्या जातात आणि आघाडीचे खेळाडू पहिल्या टेबलांवर बसतात. त्यामुळे नवोदितांचे डाव बहुधा नोंदीबाहेर राहतात. अशा डावांची एकमेव नोंद म्हणजे खेळाडूने स्वतः लिहिलेला खेळीपत्रक हा कागद. तो सुवाच्य असल्यास डाव नंतर पीजीएन स्वरूपात हाताने भरता येतो आणि इलेक्ट्रॉनिक पटावर खेळलेल्या डावाइतकाच अभ्यासता येतो.